आमच्या मराठीत नसलेलं वाक्य

संस्थेतल्या पहिल्याच भेटीत जननीने एकच मागणी केली. तिला मराठी बोलणारं कुणीतरी हवं होतं.

संस्थेतली सोबतीची योजना हेमावती चालवायची. घरी मन मोकळं करता येत नाही अशा समलिंगी आणि ट्रान्स मुलामुलींना, त्याच वाटेने पुढे गेलेलं एक मोठं माणूस ती जोडून द्यायची. आठवड्याला एक भेट, जमेल तेवढं बोलणं, जास्त करून ऐकणं. तमिळ बोलणारे सोबती तिच्याकडे पुष्कळ होते. मराठी बोलणारी एकच होती, विद्युलता. ती मूळची साताऱ्याची, नोकरीसाठी इकडे तमिळ मुलखात, शोळिंगनल्लूरला आली आणि इथलीच होऊन गेली.

दोघी रविवारी गिंडी स्टेशनाजवळच्या रसाच्या दुकानात भेटायच्या. जननी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. घर शहराबाहेर आवडी या गावी, फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये. वडील शेषाद्री तिथेच नोकरीला. घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं, पण घरात अजून मराठीच. विद्युलताला ती मराठी पहिल्यांदा ऐकताना जुनी पोथी कुणीतरी तमिळ सुरात वाचतंय असं वाटलं होतं.

"इंग्रजींत मी सांगूं शकतें, अक्का," जननी म्हणाली. "तमिळींतहि. पण अम्मेस सांगावयाचें म्हणजे मराठींतच. आणि आमच्या मराठींत त्यास शब्दच नाहीं."

"शिक्षण होऊ दे. नोकरी लागू दे. मग सांग," विद्युलता म्हणाली. प्रत्येक सोबती हेच सांगतो आणि तिलाही ते मनापासून वाटत होतं.

पण कुंभकोणमचं एक स्थळ आलं. मुलगा बँकेत होता, पत्रिका जुळली होती, आणि शेषाद्रींनी मुलाकडच्यांना पाहायला यायचं आमंत्रणही देऊन टाकलं होतं. जननी त्या रविवारी ग्लासाला हातही न लावता बसून राहिली. "ते आले आणि मी गप्प राहिलें तर संपलें," ती म्हणाली. "मज वाक्य द्या."

विद्युलताने दिलं. फार वेळ दोघी त्या वाक्याशी झटल्या. शब्द उचलले, टाकले, पुन्हा उचलले. शेवटी जे राहिलं ते असं होतं: मला प्रेम मुलींवरच करता येतं. हा आजार नाही, कुणाची चूक नाही, मी अशीच आहे. जननीने ते पुटपुटत पाठ केलं. प्लॅटफॉर्मकडे जाताना तिने मागे वळून हात केला.

त्यानंतर तिचा फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी विद्युलता दुकान बंद होईपर्यंत बसली. कॉलेजात चौकशी केली तर जननी आजारी असल्याचं घरून कळवलं होतं. हेमावतीने बजावलं, "घरी जायचं नाही, हा आपला नियम आहे. तू दारात उभी राहिलीस की तिच्यावरचा पहारा वाढेल." विद्युलताला ते पटलं. तरी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून, जननीकडून ऐकलेला क्वार्टरचा नंबर घेऊन ती आवडीच्या ट्रेनमध्ये चढली.

दार जननीच्या आईने उघडलं. कनका बारीक, सावळी बाई होती. डोळे सुजलेले होते.

"मी जननीच्या ओळखीची. तिला भेटायचं होतं."

कनकाने दार अर्धं ओढून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तें वाक्य तुमचें."

विद्युलताने उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला.

"आमच्या घरांत 'प्रेम करता येतं' म्हणून कोण बोलतें? पोर तुमच्या मराठींत बोलत होती. मी तेव्हांच जाणलें, हें बाहेरून आलें. तिच्या अप्पासहि मी तेंच सांगितलें, कोणी शिकविलें म्हणून. शिकविलें असेल तर काढितां येईल, असें ते म्हणाले." तिने दाराची चौकट धरली. "तुम्हीं आपल्या आईस सांगितलें होतें कां?"

"नाही," विद्युलता म्हणाली. "ती गेली. राहूनच गेलं."

"जें तुम्हांस आईसमोर बोलवलें नाहीं, तें माझ्या पोरीच्या तोंडीं घातलें!"

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. विद्युलताने मान वळवली तेव्हा तिला मधल्या खोलीच्या दाराला बाहेरून लावलेली कडी दिसली. पुढचं काही बोलायच्या आत दार बंद झालं.

ट्रेनमध्ये परत येताना तिला खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं. अंबत्तूर स्टेशन गेलं, विल्लिवाक्कम गेलं. ती मनात तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि प्रत्येक वेळी ते जास्त परकं वाटत होतं.

आता हेमावतीही नियमाबद्दल बोलली नाही. दोघी पोलिसांत गेल्या. मुलगी सज्ञान आहे, तिला कोंडून ठेवलंय, असं सांगितलं. बऱ्याच विनवण्यांनंतर एक महिला इन्स्पेक्टर जीपमधून त्यांच्याबरोबर आली. शेषाद्री दारातच उभे होते. पांढरा शर्ट, कपाळावर गंध, आवाज अगदी शांत. "मुलीची तब्येत बरी नाही. डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. तिलाच विचारा," ते तमिळमध्ये म्हणाले आणि आत जाऊन जननीला घेऊन आले.

विद्युलताने तिला आधी ओळखलंच नाही. चेहरा फुगलेला, ओठ कोरडे, एक हात सतत थरथरत होता. वडिलांनी दंड धरला होता म्हणूनच ती उभी होती.

"तुला इथे जबरदस्तीने ठेवलंय का?" इन्स्पेक्टरने तमिळमध्येच विचारलं.

"नाही."

"या बाईंना ओळखतेस?"

जननीने विद्युलताकडे पाहिलं. शब्द जिभेवर अडखळत, एकेक करून बाहेर आले. "मला ह्या बाई माहीत नाहीत."

"तिची अवस्था तरी बघा!" विद्युलता ओरडली. "तिला काय दिलंय ते विचारा!"

"मॅडम, मुलगी सज्ञान आहे आणि स्वतःच्या तोंडाने सांगते आहे," इन्स्पेक्टर म्हणाली. "मी आणखी काय करू?" जीप निघाली तेव्हा शेषाद्रींनी दार लोटून घेतलं. कनका सबंध वेळ भिंतीला टेकून उभी होती.

विद्युलताचं कामातलं लक्ष उडालं. हेमावतीने वकिलाशी बोलणं सुरू केलं. तो म्हणाला, मुलीने एकदा नाही म्हटल्यावर काम अवघड झालं आहे, तरी कोर्टात प्रयत्न करू, वेळ लागेल. विद्युलताला तो शब्द ऐकवत नव्हता. वेळ जननीकडे किती आहे, ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"शेजारच्या फोनावरून बोलतें," कनका म्हणाली. "तुमचा नंबर पोरीच्या वहींत सांपडला. तो डॉक्टर जीं औषधें देतो, तीं घेतल्यावर पोर उठत नाहीं. काल मी हाक मारली तर मज ओळखलें नाहीं. हें बरें होणें आहे कां?" तिने गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरं एकेक करून वाचली.

हेमावतीने संस्थेशी जोडलेल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळ्यांची नावं लिहून घेतली. मुलीचा कल बदलायचा असला इलाज वैद्यकात मान्य नाही, त्याला बंदी आहे, त्या म्हणाल्या. गोळ्या एकदम बंदही करू नका. मुलीला सरळ इस्पितळात आणा.

"ते ड्यूटीस गेले कीं मी तिला घेऊन स्टेशनावर येतें," कनकाने सांगितलं. "तुम्हीं तेथें असा. पण एक ऐका. मी हें मानलें नाहीं. मज पोर जिवंत पाहिजे, इतकेंच."

दुपारच्या उन्हात आवडीच्या प्लॅटफॉर्मवर विद्युलता आणि हेमावती उभ्या होत्या. गाड्या येत होत्या, जात होत्या. कनका येणार नाही असं विद्युलताच्या मनाने धरलंच होतं, तेवढ्यात जिन्यावरून दोघी उतरताना दिसल्या. कनकाने मुलीला जवळजवळ अंगावर घेतलं होतं. जननीच्या पायात आईच्या चपला होत्या. तिच्या स्वतःच्या चपला वडिलांनी कुलपात ठेवल्या होत्या. कनका अनवाणीच आली होती आणि तापलेल्या फरशीवर पाय आलटून पालटून टेकत होती.

"तुम्ही पण चला," विद्युलता म्हणाली.

"मी गेलें तर ते लगेच शोधावयास येतील. घरीं असलें तर पोर निजली आहे म्हणून संध्याकाळपर्यंत वेळ काढीन." गाडी आली. कनकाने मुलीला आत ढकललं आणि तिच्या गालावर हात ठेवला. जननीला काही कळत होतं की नाही, कोण जाणे. गाडी हलली तरी कनका तिथेच उभी होती.

इस्पितळात जननी बरेच दिवस झोपूनच होती. हळूहळू हाताची थरथर कमी झाली, माणसं ओळखू येऊ लागली. विद्युलता रोज ऑफिसातून थेट तिथे जायची. पहिलं धड बोलणं झालं तेव्हा जननी म्हणाली, "मज तुमचा राग येतो, अक्का." विद्युलता म्हणाली, "येऊ दे." तिने जननीची उशी सारखी केली.

मग जननीने विचारलं, "अम्मेचा फोन आला?"

आला नव्हता. शेजारच्या नंबरवर घंटा वाजून वाजून बंद व्हायची. विद्युलता पुन्हा आवडीला जाऊन आली तर क्वार्टरला कुलूप होतं. शेजारीण दार अर्धवट उघडून एवढंच म्हणाली, की शेषाद्री रजा घेऊन बायकोसकट गावी गेले. कुठल्या गावी, ते तिला माहीत नव्हतं. जाताना कनका स्वतःच्या पायांनी चालत गेली का, असं विद्युलताने विचारलं. शेजारणीने दार लावून घेतलं.

हे सगळं जननीला सांगावं की नाही, यावर विद्युलताने आणि हेमावतीने बराच खल केला. शेवटी विद्युलताने सांगितलं. आता तिच्यापासून काही लपवणं तिला जमणार नव्हतं.

जननी पलंगावरून उतरली. "मी परत जातें. मी गेलें कीं ते तिला सोडतील."

"कुठे जाशील? कुठे आहेत तेच माहीत नाही."

"मग माझ्या जागीं ती कोंडलेली राहूं दे म्हणतां?" ती किंचाळली. दारापर्यंतही न पोचता ती खालीच बसली. विद्युलता तिच्याशेजारी फरशीवर बसली. धीर द्यायला तिच्याजवळ काही नव्हतं. वाक्य तर कुठलंच नव्हतं. ती नुसती तिचा हात धरून रडली, आणि थोड्या वेळाने जननीही रडायला लागली.

डॉक्टरांनी सोडायच्या आधीच, त्यांची परवानगी घेऊन, जननी हेमावती आणि विद्युलताबरोबर त्याच पोलीस स्टेशनात गेली. इन्स्पेक्टरने तिला ओळखलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

"त्या दिवशी मी खोटं बोलले," जननी तमिळमध्ये म्हणाली. जीभ अजून जड होती. "मला गोळ्या दिलेल्या होत्या. आता माझी आई सापडत नाही. तिचं नाव कनका. ती मला घेऊन घराबाहेर पडली, म्हणून अप्पांनी तिला कुठेतरी नेलंय."

इन्स्पेक्टरने टेबलावरचं सगळं बाजूला सारलं. मग तिने कागद ओढला, नाव, वय, उंची लिहून घेतली, आणि तंजावरकडे ज्या ज्या गावी नातेवाईक होते त्यांची नावं विचारली. जननीला सगळी आठवेनात. आठवतील तशी ती सांगत गेली. इन्स्पेक्टरने पहिल्या गावच्या ठाण्याला फोन लावला. पलीकडे कुणी उचलेना. तिने पुन्हा लावला.

तिघी बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. शेवटी पलीकडे कुणीतरी फोन उचलला असावा, आतून इन्स्पेक्टरच्या बोलण्याचा आवाज येऊ लागला, पण काय बोलणं चाललं होतं ते कळत नव्हतं.