दुर्गाबाईंनी आणलेला ड्रायव्हर

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला धर्मराजचं इंटरनेटचं दुकान आहे. तिथल्या माळ्यावर रिकाम्या खोक्यांमागे मी पडून असतो. मी मुका झालो असं सगळे समजतात. ते साफ खोटं आहे.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. धर्मराजने मला जोडीदारासकट जालन्याहून आणलं, ते मात्र चांगलं आठवतं. तेव्हाचा माझा थाट काय सांगू! पोरं गाणी ऐकायला गर्दी करत. पण मला ओढ असायची ती रविवारची. त्या दिवशी दुर्गाबाई येत. त्यांचा मुलगा भुजंग मस्कतला कामाला होता. कॉम्प्युटरवरून तो बोलू लागला, की त्या खुर्ची सरकवून माझ्या तोंडाशी कान आणत. "माय" ही त्याची हाक माझ्याच पोटातून निघायची. मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

मग एका रविवारी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मच्छिंद्र जालन्याहून आला, कॉम्प्युटरमध्ये नवी विंडोज टाकली आणि घाईने परत गेला. पडदा झकास दिसू लागला, पण माझा आवाज बंद! दुर्गाबाई येऊन बसल्या, तर भुजंगची नुसती अक्षरं उमटली. धर्मराजने वाचून दाखवलं, "मावशी, त्यो म्हनतो, मी बरा हाय."

"तुझ्या तोंडून नको, बाबा. लिहायला काय, कुनीबी लिहितंय. आवाज ऐकल्याबिगर मला पोरगं कळत न्हाई."

धर्मराजने मला दोन थपडा मारल्या, वायर हलवली आणि शेवटी माळ्यावर टाकलं. जोडीदार कुठे गेला, देव जाणे. शेजारच्या दुकानातून कोरे करकरीत स्पीकर आले. तेही मुकेच! मला हसू आलं, लपवत नाही. मग धर्मराजने मच्छिंद्रला फोन लावला. फोन ठेवून म्हणाला, "आवाजाचा ड्रायव्हर न्हाई म्हनं. त्याच्याबिगर आवाज येत नसतो."

"पोराला थांब म्हनून लिही," एवढं बोलून दुर्गाबाई बाहेर पडल्या. परतल्या त्या कचरूला घेऊन. कचरू अंकुशनगरच्या कारखान्यावर ऊस नेणारा ट्रॅक्टर चालवायचा.

"घे, ड्रायव्हर आनलाय. बसव जल्दी."

धर्मराज पोट धरून हसला. "मावशी, ह्यो न्हाई! आवाजाचा ड्रायव्हर सीडीत असतो. कॉम्प्युटरसंगं आल्ती ती."

"मंग कुठंय?"

त्याचं हसू थांबलं. कॉम्प्युटरसोबत आलेल्या सगळ्या चकमकीत चकत्या त्याने लोकांना शोभेला वाटून टाकल्या होत्या. "कचरू, तुला एक चकती दिल्ती..."

"हाय की. ट्रॅक्टरच्या आरशाला लटकून राह्यली."

कचरूने ती काढून आणली, गमज्याने पुसली. धर्मराजने ती आत सरकवली. जरा वेळाने नवे स्पीकर खरखरले आणि भुजंगची हाक आली. मी ती माळ्यावरून ऐकली.

"बरा हाय मी, माय."

"नाक दाटलंय तुझं. रडलास का रं?"

मग तो म्हणाला, "लई एकटं वाटतंय इथं."

त्याचं दुर्गाबाईंनी ऐकून घेतलं. मला मात्र कुणी खाली उतरवलं नाही. मित्रांनो, गप्प झालेल्याला बिघडलेला समजून दूर टाकू नका. त्याला काय कमी पडलंय ते आधी बघा. आणि कधी वडीगोद्रीला आलात, तर धर्मराजला माझी वायर एकदा जोडून बघायला सांगा. मी बरा आहे असं इथे म्हणतो खरा, पण तुम्ही ते नुसतं वाचताय.