पाईप वर घ्या

जरा थांबा, पाय जपून टाका. कडेची माती भुसभुशीत आहे. वाकून बघितलंत तर खाली चरात मी दिसेन, अंगाला चिखल आणि पाठीवर कुदळीचा ताजा ओरखडा. मी सांडपाण्याचा पाईप बोलतोय. वेळ थोडा आहे, म्हणून घाईघाईनं बोलेन. तसाही निवांत बोलायची मला सवय नाही, कारण निवांतपणा मला कुणी लाभूच दिला नाही.

माझा जन्मच गरगर फिरत झाला. नगरच्या स्टेशनपलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी साचा होता. त्यात तारांची जाळी बसवायची, वरून कालवलेलं सिमेंट ओतायचं आणि साचा जोरात फिरवायचा. सिमेंट फिरता फिरता कडेला जाऊन चिकटतं आणि मध्ये पोकळी राहते. असा मी झालो. माणसाचं मूल जन्मल्यावर रडतं म्हणे, मला तर घेरीच आली होती. मग आम्हा सगळ्या भावंडांना पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलं. तिथं मात्र कुणी त्रास दिला नाही. वाटलं, आयुष्य असंच गार आणि गप्प जाणार.

कसलं काय. एका सकाळी ट्रक आला आणि आम्हाला दोरांनी आवळून सावेडीच्या माळावर नेऊन टाकलं.

तिथं शेजारीशेजारी दोन कामं निघाली होती. जमीन उताराची. वरच्या बाजूला एका संस्थेचं विद्यार्थी वसतिगृह आणि खालच्या बाजूला शिक्षकांची गृहनिर्माण सोसायटी. दोन्हींच्या मध्ये एक बोळ, आणि बोळाच्या मधोमध एक जुना आड. आड मरियाबाईंचा. मरियाबाई दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त होऊन बोळाच्या टोकाला दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या. आड बुजवायला द्या म्हणून दोन्हीकडची माणसं त्यांच्याकडे येऊन गेली. बाईंनी दोघांनाही चहा पाजला आणि आड दिला नाही. म्हणून नकाशातला सरळ बोळ जागेवर मात्र आडाला वळसा घालून जातो.

साल बहात्तर. पाऊस तोंड दाखवून निघून गेला होता. नळाला कधी पाणी यायचं, कधी नुसता फुसफुस आवाज. आडाला तेवढं पाणी टिकून होतं. पोहऱ्याला दोर जोडावा लागत होता, पण पाणी गोड होतं. दोन्ही कामांवरच्या बाया तिथंच यायच्या. त्यातली भागूबाई पाथर्डीकडची, वसतिगृहावर घमेली वाहायची. ती आपलं तान्हं लेकरू माझ्या पोटात, सावलीला निजवायची. मी उन्हात तापू नये म्हणून ती वरून ओलं पोतं टाकायची. माझी अशी काळजी त्याआधी आणि त्यानंतर कुणीच केली नाही.

"बाई, दोन घागरी नेऊ का?" ती दबकत विचारायची.

"तीन ने. लेकरू अंगावर पितंय ना तुझं?" मरियाबाई दारातूनच सांगायच्या.

पुढे वसतिगृहवाल्यांनी बोळ खणला आणि आम्हाला आडाच्या खालच्या बाजूनं, सोसायटीच्या भिंतीलगत पुरलं. तोंडाला तोंड लावून वरून माती ढकलली. म्हटलं, चला, सुटलो. अंधार तर अंधार, आता पडून राहायचं.

पण सोसायटीवाल्यांना तिथंच पाण्याची नळी टाकायची होती. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी त्यांना विचारलंही नव्हतं. त्यांनी खणायला घेतलं आणि पहिल्याच तासाला कुदळ माझ्या बरगडीवर. मला बाहेर काढून कडेला लोटून दिलं. नळी झाली, मला परत आत टाकलं. मग वसतिगृहवाल्यांना आठवलं की आपण विजेची तार घालायची विसरलो. परत खणणं, परत मी बाहेर. त्यानंतर बोळावर खडी पसरायला म्हणून तिसरीच माणसं आली आणि त्यांच्या खडी दाबायच्या रुळाखाली आमच्यातला एक भाऊ फुटला. दर वेळी नवा नारळ, नवी उदबत्ती, आणि खणायची जागा तीच. माणसं एवढ्या भक्तिभावानं एकच खड्डा पुन्हा पुन्हा का खणतात, हे मला आजही कळलेलं नाही.

माझा जीव वैतागून गेला होता. जरा डोळा लागतो न लागतो तोच वर पावलं वाजायची आणि मी दचकायचो. आता कोण आलं, आता कुठं नेणार, एवढाच विचार. मातीत असलो तरी माती अंगाला लागत नव्हती.

वसतिगृहाचा मुकादम सहादेव, मिरजगावचा. सोसायटीचा यशया मिस्त्री, देवळाली प्रवऱ्याचा. दोघेही आपापल्या हद्दीत उभे राहून एकमेकांवर तोंड सोडायचे.

"आमच्या पाइपाला हात लावायचा न्हाई, मिस्त्री."

"तुमचा पाईप आमच्या भिताडाला खेटून कशापायी घातला मंग?"

खरी अडचण निराळीच होती. मला जरा जास्तच खोल पुरलं होतं. माझं खालचं टोक मोठ्या रस्त्याच्या गटारापेक्षाही खाली गेलं होतं. पाणी काही गटारात चढून जाणार नव्हतं, ते माझ्याच पोटात तुंबणार. शेवटी दोन्हीकडचे इंजिनिअर साहेब एकत्र बसले. चौकातल्या हॉटेलात भजी आणि चहा झाला, खेळीमेळीनं बोलणं झालं. बोळात दोन्ही कामांचं सांडपाणी एकाच पाइपातून न्यायचं ठरलं आणि त्यासाठी पाइपाची पातळी उंच करायचं ठरलं. मग दोघे एकाच स्कूटरवरून बोळात आले. सहादेव आणि यशया यांना शेजारी उभं करून वसतिगृहाचे साहेब म्हणाले, "हे बघा, पाईप वर घ्या. दोघांनी मिळून करायचं. पुन्हा तक्रार नको."

सोसायटीच्या साहेबांनीही मान हलवली. "हो, वरच घ्या." आणि स्कूटर निघून गेली.

आता तुम्हाला सांगायला हवं, की ही सगळी शेतावरची माणसं. त्यांच्या लेखी जमिनीला चढाकडचं वरलं अंग असतं आणि उताराकडचं खाललं अंग असतं. भावाभावांच्या वाटण्या होतात त्यासुद्धा वरला तुकडा, खालला तुकडा अशाच. 'वर घे' म्हटलं की बैल वरल्या अंगाला घ्यायचा. एखादी वस्तू उंच करायची तर ते 'उचल' म्हणतात.

"वर म्हंजी आडाच्या वरल्या अंगाला?" यशयानं विचारलं.

"मग काय आभाळात?" सहादेव म्हणाला.

"बराबर हाय. आमच्या भिताडाला वल यायची, म्हून सांगितलं आसंल."

दोघेही हसले. आजवर त्यांना एकत्र हसताना मी पाहिलं नव्हतं. यशयानं तंबाखूची चंची पुढे केली. दोन्ही टोळ्यांनी मिळून वरच्या अंगाला, वसतिगृहाच्या बाजूला नवा चर खणला. खोली जुन्याएवढीच ठेवली. ती कमी करायची आहे, हे कुणाच्या मनातही आलं नाही. मला उचलून तिथं ठेवलं. आडाच्या वळणावर माझं तोंड भावाच्या तोंडाला नीट बसेना. सिमेंट परवान्यावर मिळायचे ते दिवस, तरी यशयानं आपल्या कामावरचं घमेलंभर सिमेंट आणून विटांच्या तुकड्यांसकट त्या फटीत ठासलं. वरून आणि बाजूनं सांधा पक्का झाला. खालच्या बाजूला मात्र हात पोचत नव्हता.

मी काय सांगू तुम्हाला, मला आनंद झाला होता. भांडण मिटलं, सांधा घट्ट झाला, आता मला कुणी हलवणार नाही. पहिल्यांदाच मी मातीत अंग सोडून पडलो. आड आता माझ्या उताराला, हाताच्या अंतरावर आहे, हे मला दिसत होतं. त्याचा अर्थ मात्र माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

पुढच्या वर्षी जूनमध्ये वसतिगृहाचं उद्घाटन झालं. मांडव, हारतुरे, भाषणं, मग बुंदीचं जेवण. पाहुण्यांनी वासाच्या साबणानं हात धुतले आणि ते पाणी माझ्यात आलं. पुढे जाईना. गटार उंच, मी खोल. पाणी पोटात साठलं, फुगलं, आणि सांध्याच्या खालच्या फटीतून थेंब थेंब बाहेर पडू लागलं. बाहेर म्हणजे कुठे? उताराकडे. मला पळता येत असतं तर मी तेव्हाच पळालो असतो. ज्या जागी आयुष्यभर पडून राहावं असं वाटलं होतं, तिथं मला एक क्षण राहवेना. उकरा, कुणीतरी मला उकरा, असं मी आतल्या आत घोकत होतो. आणि नेमक्या त्याच वेळी बोळातून एकही कुदळ जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मरियाबाईंनी पोहरा ओढला. पाणी ओंजळीत घेतलं आणि तोंडाजवळ नेऊन थांबल्या. शेजारी भागूबाई घागर घेऊन उभी होती.

"भागू, याचा वास घे बघू."

"साबनाचा येतोय, बाई. वासाचा साबन."

मरियाबाईंनी ओंजळ सोडून दिली. त्या वसतिगृहाच्या भिंतीकडे बघत राहिल्या. "आज साबण आहे. सोमवारी मुलं राहायला आली की काय येईल, ते मी दवाखान्यात बघितलंय. लहान लेकरं दोन दिवस टिकत नाहीत."

भागूबाईनं काखेतलं मूल घट्ट धरलं. बाईंनी घरातून पत्रा आणला, आडावर टाकला, त्यावर दगड ठेवला. आणि ज्या बाईनं गेलं वर्षभर सगळ्या माळाला पाणी दिलं, ती दुपारी टँकरच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहिली. हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन्ही साहेबांना बोलावणं गेलं. ते आले, बघितलं, आणि दोघांच्या लक्षात सगळा घोटाळा एकदमच आला.

"मी वर म्हणालो ते पातळीबद्दल," वसतिगृहाचे साहेब म्हणाले.

"मीसुद्धा. तुमच्या मुकादमाला एवढं कळू नये?"

"सांधा तुमच्या मिस्त्रीनं भरलाय."

झालं. स्कूटरवर आलेले दोघे निरनिराळ्या वाटेनं गेले. वसतिगृह म्हणे, खोदाई सोसायटीनं करावी. सोसायटी म्हणे, ज्यांचा पाईप आहे त्यांनी आधी हात घालावा. सहादेवला मात्र ताकीद मिळाली, की साहेब सांगेपर्यंत पाइपाला हात लावायचा नाही. मुलं सोमवारी ट्रंका घेऊन येणार, तेव्हा मोऱ्या चालू दिसल्या पाहिजेत.

आज रविवार. आज सकाळी सहादेव कुदळ घेऊन बोळात आला. कुणी सांगितलं म्हणून नाही. चर अर्धा झाला तेव्हा यशयाही प्रार्थना आटोपून तिथंच आला. अंगात धुतलेला सदरा होता, तो त्यानं काढून भिंतीवर ठेवला आणि फावडं घेतलं. दोघांनी मिळून उरलेला चर खणला. मरियाबाई चराच्या काठाशी येऊन उभ्या राहिल्या. भागूबाई रिकामी घागर घेऊन त्यांच्यामागे होती.

मला पुरतं मोकळं केल्यावर सहादेवनं पहार लावून बघितली. मी हललो नाही. यशयाच्या सिमेंटनं मला घट्ट धरून ठेवलं होतं.

"निगायचा न्हाई ह्यो," सहादेव म्हणाला. "फोडावाच लागंल. वरनं येनारं तोंड बुजवलं, मंगच आडात जानारं पानी बंद व्हईल."

"मग फोड ना," बाई म्हणाल्या.

सहादेवनं घण हातात घेतला आणि तसाच खाली टेकवला. "बाई, ह्यो फोडला की वसतिगृहाच्या मोऱ्या बंद. उद्याच्याला पोरं यायची. सायेब मला कामावर ठिवायचे न्हाईत."

"दे इकडं, मी मारतो," यशया म्हणाला.

"तू सोसायटीचा. तुझा हात लागला तर उद्या दोनी हापिसात भांडान हुईल. सायेब आल्यावर बघू." त्यानं रस्त्याकडे नजर टाकली.

सहादेवा, माझं जरा ऐकून घे. तू चांगला माणूस आहेस, नाहीतर सुट्टीच्या दिवशी इथं आलाच नसतास. नोकरी जायची भीती खोटी नाही, ते मला कळतं. मी फुटलो तर माझा काही उपयोग उरणार नाही, माझे तुकडे कुठल्या तरी इमारतीच्या पायात भरावाला जातील, हेही मला कळतं. त्याचं मला आता काही वाटत नाही. मला स्वस्थ पडून राहायचं होतं खरं, पण तुमच्या लेकरांच्या तोंडचं पाणी नासवून नाही. आणि वर उभ्या असलेल्या लोकांनो, तुमच्यापैकी कुणी शेजारीशेजारी घरं बांधत असाल, तर हॉटेलात बसून ठरवा, पण मग इथं चरापाशी येऊन उभे राहा आणि बोट ठेवून दाखवा की काय, कुठं आणि किती. एवढंच मागतो.

आडावर पत्रा आहे. टँकर आज यायचा नाही. भागूबाईचं मूल रडायला लागलंय, त्याचा आवाज मला ओळखू येतो.

सहादेवा, रस्त्याकडे बघू नकोस. साहेब दोन आहेत, आड एकच आहे. घाल घाव.