दोन चुकीचे अंदाज

शिक्षकांना शिकवणं हे माशाला पोहायला शिकवण्यासारखं आहे, असं आत्या म्हणायची. फरक एवढाच, की मासा निदान उलट बोलत नाही.

तिला सगळेच आत्या म्हणत. पहिल्याच तुकडीत तिची सख्खी भाची होती. सगळ्यांसमोर 'बाई' म्हणायचं असं घरून निघताना दहादा बजावूनही तिनं पहिल्याच तासाला "आत्या, माझ्या चेंडूला पेन्सिल बसत नाहीये" अशी हाक घातली. तेव्हापासून पन्नाशीला टेकलेले, टकलाला तेल लावणारे शिक्षकसुद्धा तिला आत्याबाई म्हणू लागले. आत्याचं काम एकच: आकाश कसं शिकवायचं हे शाळेच्या शिक्षकांना शिकवायचं. तिचा नियमही एकच. उत्तर सांगायचं नाही. खिडक्यांना काळा कागद लावायचा, मधोमध स्टुलावर उघडा दिवा ठेवायचा, प्रत्येकाच्या हाती पेन्सिलीत खोचलेला पांढरा चेंडू द्यायचा आणि म्हणायचं, दिवा म्हणजे सूर्य, चेंडू चंद्र, तुमचं डोकं पृथ्वी. आता फिरा आणि बघा.

इतिहासाचे एक सर होते. विज्ञानाचा तास त्यांच्या गळ्यात पडलेला. ते पहिल्या दिवशी वैतागून म्हणाले, "आत्याबाई, एकदाचं सांगून टाका ना! चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून तो लहानमोठा दिसतो. आम्ही लिहून घेतो, तुम्हीही सुटा, आम्हीही सुटू."

"सुटायचंच आहे ना? मग धरा चेंडू, आणि ती सावली तेवढी मला शोधून द्या."

सर पोट सावरत फिरले. चेंडूवर कोर आली, कोरीचा अर्धा झाला, आणि सावलीचा कुठे पत्ता नाही. पाठ दिव्याकडे झाली तेव्हा मात्र त्यांच्याच डोक्याची गोल सावली चेंडूवर बसली. सर थबकले. चेंडू वर केला, सावली गेली. खाली केला, आली. "अहो, ही तर पौर्णिमेलाच पडतेय! हे तर ग्रहण झालं! मग रोजच्या रोज..." आणि ते मटकन खाली बसले. "इतकी वर्षं मी पोरांना खोटंच सांगत आलो की हो."

कुणी हसलं नाही. आत्या भाविक बाई. देव कुठे भेटतो असं तिला कुणी विचारलं असतं, तर तिनं त्या वेळच्या सरांच्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं असतं.

भाचीचं निराळं होतं. आईबापांमागे ती आत्याच्याच घरी वाढली. स्वयंपाकघरात दिव्यापुढे कांदा धरून ती गोल गोल फिरायची, फिरता फिरता भोवळ येऊन पडायची आणि पडल्या पडल्या ओरडायची, "आत्या, कळलं!" आता ती स्वतः शिक्षिका होती, पण तात्पुरती. दर उन्हाळ्यात तिला कमी करायचे, दर वर्षी देवाच्या कृपेनं परत घ्यायचे. आणि आता आत्याचं कामही तिच्यासारखंच तात्पुरतं झालं होतं. वरून निरोप आला होता: साहेब एक नमुना पाठ बघतील. आवडला तर ही पद्धत सगळ्या शाळांना, नाही तर याच महिन्यात गुंडाळायची. पाठासाठी शाळा निवडली भाचीची. पाठ चांगला झाला तर तिची नोकरी कायम करू, असं हेडसरांनी बोलता बोलता सोडून दिलं होतं.

साहेब तपासायला यायचे म्हणजे त्यांना खुणा करायला रकाने हवेत. "मुलं शोध घेतायत हे मला बसल्या जागी दिसणार कसं, आत्याबाई?" त्यांनी विचारलं होतं. माणूस वाईट नव्हता. आत्यानं पुष्कळ विचार करून एक रकाना सुचवला: मुलांनी निदान दोन चुकीचे अंदाज मांडले का? जिथे पोरं चुकायला भीत नाहीत तिथे शोध खरा, असं तिचं म्हणणं. साहेबांना पटलं. आत्या त्या दिवशी घरी येऊन भाचीला म्हणाली, "बघ, चुकीला मी मार्क मिळवून दिले!" आणि दोघी पोट धरून हसल्या.

पाठाच्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकातून आत जाताना आत्याला चंद्र दिसला. पाण्याच्या टाकीवर, फिकट, एका बाजूनं झिजलेला, धुवट कापडाच्या ठिगळासारखा. पोरांना आधी बाहेर आणून हा दाखवावा, असं तिच्या मनात आलं. पण वर्गाच्या खिडक्या केव्हाच काळ्या झाल्या होत्या आणि मुलं आत हाताची घडी घालून बसली होती.

साहेब दिव्याच्या पलीकडच्या बाजूला खुर्चीवर बसले, आत्या मागे भिंतीशी. भाचीनं विचारलं, "मुलांनो, चंद्र रोज वेगळा का बरं दिसतो?"

हात वर आले. एक मुलगा म्हणाला, "बाई, ढग आडवे येतात." भाची गोड हसली. "छान! तुला असं वाटतं. आणखी?" लांब वेणीची एक मुलगी उभी राहिली. "बाई, पृथ्वीची सावली पडते म्हणून." भाची म्हणाली, "वा! आपण करून बघू या का?" साहेबांच्या पेनानं रकान्यात खूण केली. आत्याचा ऊर भरून आला.

मग हुशार दिसणारी, चष्मेवाली मुलगी पुढे आली. चेंडू हातभर लांब धरून दिव्याकडे तोंड करून म्हणाली, "आता माझ्याकडची बाजू काळी आहे. ही अमावास्या." ती डावीकडे वळू लागली. "आता उजवीकडे कोर उजळली. आता..."

आणि वीज गेली.

काळ्या कागदांच्या खोलीत मिट्ट अंधार झाला. हेडसर "अरे, अरे!" म्हणाले. कुणी तरी खुर्ची सरकवली. आणि त्या अंधारात चष्मेवालीचा आवाज जराही न अडखळता पुढे चालला.

"आता अर्धा उजळला. बघा, उजवी बाजू पांढरी, डावी काळी. आता अर्ध्याहून जास्त झाला. आता डोकं मध्ये येऊ नये म्हणून मी चेंडू जरा वर धरते. आता पूर्ण उजळला!"

"अय्या, खरंच की!" अंधारातून वर्ग एका सुरात म्हणाला. टाळ्या झाल्या.

टाळ्या चालू असतानाच वीज आली. अंधारात पोरगी गरकन पूर्ण फिरून पुन्हा दिव्याकडे तोंड करून उभी होती. चेंडूची तिच्याकडची बाजू काळी ठिक्कर होती. त्या काळ्या बाजूकडे हसून बघत ती म्हणत होती, "ही पौर्णिमा." साहेब बसले होते दिव्याच्या पलीकडे. त्यांना उजळलेली बाजू दिसत होती. त्यांनी मान डोलावली.

भाचीनं एकदाच आत्याकडे बघितलं आणि नजर वळवली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

साहेब चहाला हेडसरांच्या खोलीत गेले. मुलं मैदानात पळाली. लांब वेणीची मुलगी मागे राहून चेंडू डब्यात भरत होती. आत्या तिच्याजवळ उकिडवी बसली.

"बाळ, तुला खरंच असं वाटतं, सावली पडते म्हणून?"

मुलीनं दाराकडे बघितलं. "मला चुकीचं दिलंय."

"म्हणजे?"

"दोघांना चुकीचं दिलंय. मला आणि त्या ढगवाल्याला. तालमीत मी नीट बोलले म्हणून मला दुसऱ्यांदाही चुकीचंच दिलं." तिच्या बोलण्यात थोडा अभिमान होता.

"आणि बरोबर काय आहे, ते ठाऊक आहे तुला?"

मुलीनं डब्याचं झाकण लावलं. "ते त्या चष्मेवालीचं आहे," ती म्हणाली आणि पळाली.

भाची दारातच उभी होती. "झालं तुझं? पोरीची उलटतपासणी घेतलीस?"

"बबे, अंधारात गं? अंधारात त्यांना अर्धा चंद्र दिसला?"

"पस्तीस मिनिटांचा तास असतो, आत्या. साठ पोरं. तुझ्या त्या इतिहासाच्या सरांना कळायला अख्खी दुपार लागली होती. मला कोण देणार दुपार?"

"मग नसता आला अंदाज. नसती केली त्यांनी खूण."

"हो का! दोन चुकीचे अंदाज हवेत, हा रकाना कुणी घातला? मी? नाही आले आपसूक, तर काय साहेबांपुढे हात जोडून म्हणू, की आज पोरं चुकत नाहीयेत हो? तूच पोळी लाटलीस, आता करपली म्हणून तव्याला नावं ठेवतेस." तिचा आवाज चिरकला. "मी पण कांदा घेऊन फिरलेय, आत्या. मला नाही का वाईट वाटत?"

आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती बाजूला झाली.

हेडसरांच्या खोलीत साहेब खुशीत होते. "आत्याबाई, मान गये! वीज गेली तरी पोरगी हलली नाही. याला म्हणतात तयारी."

"साहेब," आत्या म्हणाली, "अंधारात तिला दिसलं कसं?"

हेडसरांचा कप बशीवर खणकला. दाराशी उभ्या भाचीनं डोळे मिटले. साहेब मात्र रागावले नाहीत. त्यांनी खरोखर विचार केला. कपाळाला आठी घातली, बोटांनी टेबल वाजवलं.

"मुद्दा रास्त आहे. उद्या माझ्या वरच्यानं यावरच बोट ठेवलं तर? आपण असं करू, आणखी एक रकाना घालू. दिवा गेल्यास मुले थांबतात का? झालं?"

"साहेब, रकान्यानं नाही व्हायचं हे."

"मग कशानं?"

"सवडीनं. एकेकाला त्याच्या वेळेनं दिसू द्यायला लागतं."

"सवड माझ्याकडे नाही हो," साहेब कळवळून म्हणाले, "मला सुद्धा कुणी देत नाही. बघा बुवा. पसंतीच्या या कागदावर सही केलीत तर हा पाठ सगळ्या शाळांत जाईल. नाही केलीत तर ही पद्धत आजच बंद. आणि पाठ पसंत नाही म्हटल्यावर तुमच्या भाचीचं काय, ते तुम्हाला मी सांगायला नको."

आत्या कागदाकडे बघत राहिली. तिला ते सर आठवले, मटकन बसलेले. इतक्या शाळा, इतके चेंडू. कुठे तरी एखादं द्वाड पोर आपल्याला दिलेलं विसरून चेंडूकडे बघेलच की. देव काही इतका कंजूष नाही. तिनं सही केली. भाचीनं मोठा श्वास सोडला. बाहेर टाकीवरचा चंद्र केव्हाच मावळून गेला होता.

भाची कायम झाली. पुढे तिलाच शिक्षकांना शिकवायला नेमलं. तिचा आवाज खणखणीत आणि ती पाठ वेळेत संपवायची. आत्याला निवृत्त करून एक खुर्ची दिली, पाहुण्यांची.

त्या खुर्चीवर ती पुढच्या हिवाळ्यात एका दूरच्या शाळेत बसली होती. शेजारी इतिहासाचे सर. पुढे साहेब, कागद घेऊन. भाची कोपऱ्यात उभी, हातात घड्याळ. शिकवत होता कुणी नवा तरुण शिक्षक. ढग आले. सावली आली. दोन खुणा झाल्या. एक मुलगा चेंडू घेऊन फिरू लागला. "आता कोर उजळली. आता..."

बटणाजवळ बसवलेल्या मुलीनं हळूच बटण दाबलं.

"सर, आता दिसत नाही!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. "आपण थांबू या!"

अंधारात साहेबांचं पेन कागदावर सरकल्याचं ऐकू आलं. इतिहासाचे सर आत्याच्या कानाशी पुटपुटले, "आत्याबाई, मला त्या दिवशी खरंच दिसलं होतं हो." आत्यानं अंधारातच त्यांचा हात थोपटला.

आणि मग तिला दिसलं. खिडकीच्या काळ्या कागदाला एका ठिकाणी टोकदार, वेडंवाकडं भोक पडलं होतं. त्यातून ऊन आत आलं होतं आणि समोरच्या भिंतीवर एक कवडसा पडला होता. भोक तिरकं, फाटकं. कवडसा मात्र गोल, रुपयासारखा गोल. खुद्द सूर्य आपलं चित्र काढून भिंतीवर टांगून बसला होता. साठ पोरांच्या डोळ्यांसमोर.

दिवा लागला. कवडसा फिका झाला. आत्या उठून उभी राहिली. पाहुण्यांनी बोलायचं ठरलेलं नव्हतं.

"मुलांनो, आत्ता अंधार होता ना, तेव्हा त्या भिंतीवर काय दिसलं?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली, हे कुणाला दिलंय म्हणून. मग तिसऱ्या रांगेतल्या एका बुटक्या पोराचा हात कोपरापर्यंत वर आला. त्याचे डोळे भिंतीवरच होते, तोंड अर्धवट उघडं.

"आत्या," कोपऱ्यातून भाची हळू, अगदी मायेनं म्हणाली, "आता घंटा होईल गं."

पोरानं भाचीकडे बघितलं, आपल्या सरांकडे बघितलं, आणि हात खाली घेऊन त्याची घडी घातली.