हिनोउरातली पिवळी सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. शिक्षण कार्यालयाच्या मागे पत्र्याची एक शेड आहे. तिथे मोडके बाक आणि गुंडाळून ठेवलेली ताडपत्री यांच्या मधल्या सांदीत मी उभी असते. माझ्या पुढच्या चाकात हवा नाही. दाराच्या फटीतून समुद्राचा आवाज येतो, पण समुद्र दिसत नाही.

माझा जन्म जपानमधल्या साकाई शहरातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या बहिणींपैकी कुणी कॉलेजच्या मुलींकडे गेल्या, कुणी दूध टाकणाऱ्यांकडे. मला हिनोउरा गावाच्या शिक्षण कार्यालयाने विकत घेतलं. हिनोउराच्या पाठीशी डोंगर, पुढे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव. बाहेर पडायचं तर एक आगगाडी, नाहीतर लांबलचक बोगदा. इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला परदेशातून एखादा तरुण शिक्षक येत असे. त्याला मोटार चालवायची परवानगी नव्हती. अपघात झाला तर निस्तरायचं कुणी, अशी कार्यालयाला धास्ती. म्हणून मी आले. आणि ट्रकवाल्यांना परदेशी शिक्षक लांबूनच दिसावा म्हणून मला हळदीसारखा पिवळाजर्द रंग दिला. गावात तशी दुसरी सायकल नव्हती.

सुरुवातीची वर्षं कौतुकात गेली. शाळा सुटली की मुलं माझ्याभोवती गोळा होत, घंटी वाजवून पाहत, सीटवर हात फिरवत. शिक्षक येत आणि वर्षा-दोन वर्षांनी जात. निरोपाला सगळं गाव स्टेशनवर लोटायचं. मला वाटायचं, आपल्यासारखं नशीब कुणाचं नाही.

मग ओडेटबाई आल्या.

ओडेटबाई सेंट लुशिया नावाच्या लहानशा बेटावरच्या. उंच, सावळ्या, मोठ्याने हसणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला सगळीकडून न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बाई गं, तू तर पिकलेल्या आंब्यासारखी दिसतेस!" त्या खुशीत त्यांनी मला बंदरापर्यंत पळवलं.

पण त्यांचं ते हसू हळूहळू मावळत गेलं. वर्गात त्यांना काम एकच. मुख्य शिक्षक बोट दाखवतील ते वाक्य वाचायचं आणि मुलांनी मागून म्हणायचं. स्वतःहून काही शिकवायला घेतलं की "परीक्षेत येत नाही ते" असं हळूच कानावर यायचं. सुट्टीत मुलं घरी जात, पण बाईंनी मात्र शिक्षक-खोलीत आपल्या टेबलाशी बसून राहायचं, काम असो वा नसो. सायकली लावायची जागा त्या खोलीच्या खिडकीखालीच होती. काच सरकवलेली असली की बाईंची पाठ मला दिसे. तासन्‌तास ती पाठ हलत नसे.

आणि बाहेर पडलं की मी होतेच.

"ओडेटबाई, काल कोंबडी घेतलीत म्हणे!" उपमुख्याध्यापक मुनाकातासर सकाळी आल्या आल्या म्हणायचे. "आणि नंतर औषधाच्या दुकानात होतात. सर्दी झालीय का? अंगावर काढू नका हं."

"तुम्हाला कुणी सांगितलं, सर?"

"कुणी म्हणजे? सायकल उभी होती ना दाराशी!"

मुनाकातासर वाईट नव्हते. त्यांची बायको-मुलं दूरच्या शहरात होती आणि बदलीमुळे ते इथे एकटेच राहत. बाईंची काळजी घेणं हे ते आपलं कर्तव्य समजत. पण रविवारी बाई समुद्रावर किती वेळ बसल्या, टपालकचेरीतून बाहेर येताना त्यांचे डोळे लाल होते का, हे सोमवारी सगळ्या खोलीला ठाऊक असायचं. एकदा बाईंनी मला देवळामागच्या बांबूत लपवलं आणि त्या पायी फिरायला गेल्या. परत येऊन पाहतात तो मी बांबूत नाही. कुणीतरी मला पुसून, चाकात हवा भरून त्यांच्या दाराशी आणून ठेवलं होतं. वर टोपलीत संत्रीही ठेवली होती. बाईंनी संत्री हातात घेतली आणि तिथेच पायरीवर बसल्या. त्यांना रागही काढता येईना. मित्रांनो, पिंजऱ्याला कुणी शिव्या देऊ शकतो, पण संत्र्यांना काय म्हणायचं?

एका शनिवारी दुपारी मात्र त्यांनी माझं हँडल बोगद्याकडे वळवलं. आत अंधार, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात. बाई जीव खाऊन पेडल मारत होत्या. पलीकडे उजेड दिसला तेव्हा त्या ओरडल्या. आनंदाने ओरडल्या! पलीकडच्या गावात त्यांनी मला स्टेशनसमोरच्या गर्दीत लावलं आणि एका टपरीवजा दुकानात गरम नूडल्स खाल्ले. दुकानदाराने नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. बाईंनी आणखी एक वाडगा मागितला.

परत येताना संध्याकाळ झाली. बोगद्यातून बाहेर पडतोय तोच खांबावरच्या भोंग्यांतून आवाज घुमला. वादळ, भूकंप यांची सूचना देणारे ते भोंगे. "शाळेच्या परदेशी शिक्षिका ओडेटबाई अद्याप घरी पोहोचलेल्या नाहीत. पिवळी सायकल कुणाला दिसल्यास कृपया कळवावे." डोंगरावर आपटून ते शब्द पुन्हा आले. पिवळी सायकल, पिवळी सायकल.

वळणावर माणसं उभी होती. सगळ्यांत पुढे बॅटरी घेऊन मुनाकातासर.

"सापडल्या! सापडल्या!" ते धापा टाकत म्हणाले. "कुठे होतात तुम्ही? केवढा घोर लागला आम्हाला!"

"मी हरवले नव्हते, सर," बाई म्हणाल्या. "नूडल्स खायला गेले होते."

"मग सांगून नाही का जायचं?"

बाईंनी मला माणसांमधून बाहेर काढलं आणि पेडल मारलं.

त्या तडक चिसेआजींच्या दुकानापाशी जाऊन थांबल्या. चिसेआजी टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, करून विकत. बाईंच्या येण्याजाण्याची निम्मी बातमी याच दुकानातून गावभर जायची, हे बाईंना ठाऊक होतं.

"आजी, माझ्याबद्दल सगळ्यांना का सांगता?"

"अगं, तुझं कुठे सांगते? सायकलीचं सांगते. लोक विचारतात."

"मी नोकरी सोडून घरी जाणार आहे."

आजींनी हातातला टोफू पाण्यात परत सोडला. मग म्हणाल्या, "मी डोंगरापलीकडून लग्न होऊन इथे आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. विहिरीवर गेले तरी सासूला कळायचं. आज नवरा गेला, सासू गेली, आणि अजून लोक मला 'डोंगरावरची' म्हणतात. मलाही पळायचं होतं, पोरी. मी बोगद्यापर्यंत गेलेही होते."

"मग?"

"मग काय! परत आले. जायचं कुठे?" आजी उठल्या. "आणि आता मीच दुसरीवर डोळा ठेवून बसलेय. थांब जरा."

त्यांनी आतून एक डबा आणला. नवऱ्याच्या होडीचा उरलेला रंग, गडद निळा. डब्याचं झाकण दोघींनी मिळून उघडलं. रविवारी अंगणात मला आडवी करून त्यांनी रंगवलं. ब्रशचे ओघळ आले, मडगार्डखालचा भाग तसाच राहिला. पण वाळल्यावर मी गावातल्या इतर सायकलींसारखी दिसू लागले. बाई दुकानात गेल्या आणि बाहेर कुणी थबकलं नाही. बंदरावर बसल्या आणि कुणी हात केला नाही. नोकरी सोडण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस मला मोकळे वाटले.

मग कार्यालयाचा निरोप आला. सायकल सरकारी मालमत्ता आहे, परस्पर रंगवता येत नाही. मुनाकातासरांनी मला नेऊन पुन्हा पिवळी करून आणलं.

"तुमच्या सुरक्षेसाठीच आहे हो," ते म्हणाले.

"ठीक आहे, सर. पण मी तिच्यावर बसणार नाही."

"अहो, बर्फ पडायला लागेल. चालत किती लांब पडतं!"

"चालेन."

मला शेडमध्ये घालून कुलूप लावलं. त्या हिवाळ्यात बर्फ कमरेइतका चढला. रोज सकाळी पत्र्यापलीकडून बाईंचे बूट करकर वाजत शाळेकडे जाताना मला ऐकू येत. त्या आत येऊ शकत नव्हत्या आणि मी बाहेर. असा हिवाळा मी कधी काढला नव्हता.

बर्फ वितळू लागलं तेव्हा मुनाकातासरांची मोटार बिघडली. घाईत त्यांनी कुलूप उघडून मला बाहेर काढलं. त्यांना औषधाच्या दुकानात जायचं होतं, आणि त्यांचा चेहरा सांगत होता की आपल्याला कुणी पाहू नये. सीटवर ते नीट बसतही नव्हते. मूळव्याधीचं मलम घेऊन त्यांनी ते कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि गावातून उभ्यानेच पेडल मारत परतले.

दुसऱ्या दिवशी शिक्षक-खोलीची खिडकी उघडी होती.

"सर, बसायला मऊ गादी आणू का?" शाळेचा लेखनिक विचारत होता.

"सर, मिरची खाऊ नका हं," दुसरं कुणीतरी म्हणालं.

संध्याकाळी ते टोफू घ्यायला गेले तर चिसेआजी म्हणाल्या, "उभ्यानेच चाललंय ना? बसा म्हणत नाही मी!"

"आजी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? सायकल उभी होती ना दाराशी!"

मुनाकातासरांचे कान लाल झाले. ते माझ्यावर बसले नाहीत, मला हाताने ढकलत घरी घेऊन गेले. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने त्यांना तब्येत विचारली, अगदी मनापासून.

सकाळी ते बाईंच्या दाराशी मला घेऊन उभे राहिले आणि कमरेत खोल वाकले.

"ओडेटबाई, चुकलं माझं. तुम्ही हे सगळं वर्षभर कसं सोसलंत?"

बाईंनी ओठ दाबून धरले होते. "मलम लागू पडलं का, सर?" त्यांनी विचारलं, आणि मग दोघेही हसायला लागले. कित्येक महिन्यांनी ते मोठ्याने हसणं मी ऐकलं.

सरांनी कार्यालयाला कळवलं की गंज चढल्याने गडद रंग देणं भाग पडलं. चिसेआजींच्या डब्यात थोडा निळा उरला होताच, मी पुन्हा निळी झाले. बाई मात्र म्हणाल्या, "मी राहते, पण उन्हाळ्यापर्यंतच. माझा जीव इथे पुरता मोकळा होणार नाही." कुणी हट्ट धरला नाही.

जाताना त्यांनी एकच गोष्ट मागितली. स्टेशनवर कुणी येऊ नये. गावाला हे फार जड गेलं. फलक तयार होते, मुलांनी गाणं बसवलं होतं. पण त्या दिवशी फलाट रिकामा होता. मुनाकातासर आपल्या टेबलाशी घड्याळाकडे बघत बसले होते म्हणे. चिसेआजींनी दुकानाचं शटर खाली ओढलं होतं, आणि मागच्या रुळांवरून गाडी गेली तेव्हाही त्या बाहेर आल्या नाहीत. आतून मात्र हुंदके ऐकू येत होते, असं शेजारी म्हणतात. बाईंनी मला स्टेशनच्या भिंतीला टेकवलं, माझ्या सीटवर थोपटलं आणि त्या रिकाम्या फलाटावर निवांत, एकट्या उभ्या राहिल्या. तसं उभं राहताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या शिक्षकांना मोटारीची परवानगी मिळाली आणि मी शेडमध्ये आले ती इथेच आहे. मित्रांनो, तुमच्याकडे जुनी सायकल असेल तर तिच्या साखळीला कधीतरी तेल घाला, तिला उन्हात फिरवून आणा. आणि तुमच्या गल्लीत लांबून कुणी एकटं माणूस राहायला आलं, तर त्याच्याकडे जरूर जा. दार वाजवा. आत या म्हणालं तर बसा, त्याच्या हातचा चहा प्या. आज नको म्हणालं, तर हसून परत फिरा, आणि तुम्ही गेला होतात हे कुणाला सांगू नका.