हळवी

माझ्या तोंडून एक शब्द गेला आणि दर्शनाचा विमा अडला.

दर्शना माझी नात. तिला आई नाही, म्हणून पहिल्या बाळंतपणाला भोईवाड्यात माझ्याकडेच आली. मुलगी झाली. बाराव्या दिवसापासून दर्शनाची झोप उडाली. बाळ रडलं की भिंतीला टेकून उभी राहायची. "आजी, माझ्या हातात देऊ नको गो. माझ्या हातून काहीतरी होईल."

शेजारणी म्हणाल्या, बाळंतवात आहे, धुरी द्या. मी तिला टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळंतपणानंतरचा मनाचा आजार आहे. बरा होतो. पण तीन आठवडे बाळासकट इथेच ठेवा, सिस्टर जवळ असतात. मनाच्या आजारालाही आता विमा द्यावा लागतो, तसा कायदा आहे."

दोघींना तिथे ठेवलं, विम्याचा अर्ज केला. मग विम्याच्या कचेरीतला रघुवीर घरी चौकशीला आला.

"आजी, तिला आधीपासून असं काही होतं?"

"नाय रे. पहिल्यापासून हळवी हां. मांजराला लागलं तरी ही दोन दिवस जेवायची नाय."

त्याने इंग्रजीत लिहिलं. मी खाली मराठीत सही केली.

आठवड्याने पत्र आलं. आजार लहानपणापासूनचा, विमा काढताना लपवला, म्हणून नामंजूर. नातजावई हितेंद्र म्हणाला, "आई म्हणते, आज दुपारीच तिला घरी आण. घरी बाळाजवळ बरी होईल."

"तुम्ही सगळे कामाला गेलात, की घरी ती आणि बाळ दोघीच. त्याचीच तर भीती आहे तिला. आधी दादरला विम्याच्या कचेरीत चल माझ्याबरोबर."

कचेरीत खुर्ची दिली, मला बसवेना.

"रघुवीर, हळवीचं काय लिहिलंस?"

त्याने कागद काढला. "लहानपणापासून मानसिक त्रास."

"तुझी आई हळवी नाय?"

"आहे ना. मालिका बघूनही रडते."

"मग लिही तिलाही आजारी!"

पलीकडच्या टेबलावरची बाई फिसकन हसली. रघुवीर ओशाळला. "चुकलं असेल माझं. पण निर्णय वरचे साहेब घेतात. लेखी द्या, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. चार दिवस लागतील."

चार दिवस! इथे बारा वाजून गेले होते. मी उभ्यानेच लिहिलं, 'माझी नात हळवी आहे म्हणजे तिला दुसऱ्याचं दुखणं दिसतं. हा आजार बाळंतपणानंतर आला. सातव्या महिन्यापर्यंत ती शाळेत गणित शिकवत होती.'

रघुवीर त्याचं इंग्रजी करायला बसला.

"नको. असंच पाठव. वर मराठी येणारा एक तरी असेल."

"आणि तोवर काय करायचं?" हितेंद्रने विचारलं.

"तू सांग. बायको तुझी."

त्याच्या आईचा फोन वाजत होता. त्याने तो कापला आणि वॉर्डात लावला. "सिस्टर, दर्शनाला आज घरी नेत नाही. हो, विमा मंजूर नाही झाला तरी."

"आजी, आता तरी बसा," रघुवीर म्हणाला.

मी बसले नाही. वरून काय उत्तर येईल कोण जाणे. वॉर्डात बाळाच्या दुधाची वेळ झाली होती.