नऊ वाजून सतरा मिनिटांची नोंद

पडदा मिचकावला, असं वहिनी म्हणाली आणि धाकटीचा चहाचा कप ओठांपर्यंत जाता जाता थांबला.

मंगळवार होता, सकाळचे अकरा चाळीस झाले होते. दोघी चहाच्या मशीनपाशी उभ्या होत्या. वहिनी खालच्या मजल्यावर रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात तीन नंबरच्या टेबलावर फोन घ्यायची. तिची नणंद वरच्या मजल्यावर त्याच कक्षाची संगणक यंत्रणा सांभाळायची. भावंडांत लहान म्हणून घरात ती धाकटी. वहिनी जिन्यातून याच नावाने हाका मारत राहिली आणि बघता बघता ती ऑफिसचीही धाकटी झाली.

दोन वाजता वहिनीची चौकशी होती. मागच्या मंगळवारी एका बाईंचा फोन आला होता. नवऱ्याच्या छातीत दुखत होतं. वहिनीने पत्ता ऐकला, ‘गाडी निघतेय’ म्हणून धीर दिला. हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये होतं. यंत्रणेत मात्र त्या पत्त्याची नोंदच नव्हती. अकरा मिनिटांनी बाईंनी पुन्हा फोन केला, तो दुसऱ्या टेबलावर लागला आणि मग गाडी गेली. गृहस्थ वाचले, पण अकरा मिनिटांचा जाब कुणीतरी द्यायलाच हवा होता. पत्ता ऐकला आणि लिहिला नाही, असा ठपका वहिनीवर होता. तो शाबीत झाला तर बारा वर्षांचं टेबल आज संध्याकाळीच सुटणार होतं.

“मिचकावला म्हणजे?” धाकटीने विचारलं.

“म्हणजे क्षणभर पांढरा पडला, मग कोरा फॉर्म आला. एरवी नुसताच कोरा फॉर्म येतो.”

“आठ दिवसांत हे मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे, वन्सं? आठ दिवस तुम्ही माझ्याकडे असं बघताय, जसं काही मला टायफॉइड झालाय.”

वहिनी ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ वर आली की समजावं, ती एक तर चिडवते आहे किंवा रडू आवरते आहे. धाकटीला ते ठरवायला वेळ नव्हता. तिने कप मशीनवरच ठेवला आणि जिन्याकडे धाव घेतली.

नोंद जतन झाली की फॉर्म कोरा होतो. पण सर्व्हर कोसळून पुन्हा उभा राहिला तरी फॉर्म कोराच येतो, मधे फक्त एकदा पांढरा पडून. म्हणजे वहिनीने नोंद केली असेल आणि नेमका त्याच क्षणी सर्व्हर कोसळला असेल. आणि तसं असेल तर कोसळताना त्याच्या मेमरीत जे काही होतं, ते जसंच्या तसं एका भल्यामोठ्या फाइलीत उतरलं असेल. कोअर फाइल. वहिनीने टाइप केलेला पत्ताही तिच्यातच.

अडचण एकच होती. त्या फाइली सात दिवसांनी पुसल्या जात. रोज दुपारी बारा वाजता.

सर्व्हरच्या खोलीत अडगळकाका डबा उघडून बसले होते. सर्व्हरची देखभाल त्यांच्याकडे. कुठल्याही सॉफ्टवेअरची जुनी प्रत, तुटकी केबल, मुका झालेला फोन, काहीही ते टाकून देत नसत. नाव त्यावरूनच पडलं होतं. या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट नेमाने टाकून दिली असेल तर ती कोअर फाइल, कारण ती फार जागा खाते.

“काका, बारा वाजताची साफसफाई थांबवा.”

“का गं? कोणाच्या बारशाची फाइल आहे का?”

“बाराव्याची आहे. सर्व्हर मागच्या मंगळवारी मेला होता.”

काकांनी पोळीचा घास हातात धरूनच भिंतीकडे पाहिलं. तिथे त्यांच्या हाताने रोज सकाळी बदलली जाणारी पाटी होती : ‘४१२ दिवस अखंड सेवा’.

“आपला सर्व्हर मरत नाही,” ते म्हणाले.

“तुमचा पहारेकरी प्रोग्रॅम मरत नाही. तो पडलेल्याला तीन सेकंदांत उभं करतो आणि सगळं ठीक म्हणून लिहून ठेवतो. आपण पहारेकऱ्याचे दिवस मोजतोय, काका.”

काकांनी घास डब्यात ठेवला आणि कीबोर्ड पुढे ओढला. अकरा त्रेपन्नला साफसफाई थांबली. फोल्डर उघडलं तेव्हा त्यात एक नव्हे, पाच फाइली होत्या. सगळ्यांत जुनी मागच्या मंगळवारची, नऊ वाजून सतरा मिनिटं, त्रेचाळीस सेकंदांची.

धाकटीने वेळ पुन्हा एकदा वाचली. रेकॉर्डिंगमधला फोन नऊ सोळाला सुरू झाला होता.

कोसळलेल्या प्रोग्रॅमचं शवविच्छेदन करायला डीबगर असतो. पण साध्या डीबगरला जावास्क्रिप्ट, म्हणजे ही यंत्रणा जिच्यात लिहिलीय ती भाषा, कळत नाही. त्याच्या लेखी सगळी मेमरी म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांत कुठे नाव आहे, कुठे पत्ता आहे, हे ओळखायला त्याला एक प्लगइन जोडावं लागतं. धाकटीने ते दोन वर्षांपूर्वी हौसेने शिकून घेतलं होतं आणि त्यानंतर एकदाही वापरलं नव्हतं. पाटीवर चारशे दिवस अखंड लिहिलेलं असताना शवविच्छेदन करायचं कुणाचं?

तिने फाइल उघडली, प्लगइन जोडलं, मेमरीतल्या वस्तूंची यादी मागितली. पडद्यावर कचरा उतरला. अर्धी नावं, प्रश्नचिन्हं, शून्यं.

“वाचता येत नाहीये,” ती म्हणाली. “का वाचता येत नाहीये?”

“शुक्रवारी आपण सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची नवी आवृत्ती टाकली,” काका सावकाश म्हणाले. “मेला तेव्हा जुनी होती. नव्या चाव्या जुन्या कुलपाला कशा लागतील?”

“जुनी पुसलीत?”

काकांच्या चेहऱ्यावर, कुणी त्यांच्या खानदानाचा उद्धार करावा, तसा भाव आला. त्यांनी ‘लागेल कधीतरी’ नावाचं फोल्डर उघडलं. आत एकोणतीस आवृत्त्या तारखेनिशी ओळीने मांडल्या होत्या.

“काका, आजपासून तुम्हाला कोणी अडगळ म्हणालं तर मला सांगा.”

“तूच म्हणतेस सगळ्यांत जास्त.”

जुनी आवृत्ती जोडली. तिने यादी पुन्हा मागितली, आणि या वेळी पडद्यावर ओळीमागून ओळ शहाण्यासारखी उतरली. आठ दिवसांपूर्वी मेलेला प्रोग्रॅम बोलायला लागला. त्याच्याजवळ अमुक इतके शब्द, अमुक इतक्या याद्या, आणि ‘नोंद’ या प्रकारच्या चौदा वस्तू. धाकटी उभी राहिली, बसली, परत उभी राहिली. चौदातली एकेक नोंद ती उघडत गेली. चौथीत औषधांच्या दुकानावरचा पत्ता, सातवीत शाळेचा. अकरावी उघडली आणि तिने काकांचा दंड धरला.

पत्ता तोच. बाईंचं नाव तेच. तक्रार : छातीत दुखणं. टेबल : तीन. वेळ : नऊ, सतरा, बेचाळीस. फाइलीच्या आधी एक सेकंद.

“लिहिलं होतं,” धाकटी म्हणाली. “काका, तिने लिहिलं होतं.”

“सोड, हात मोडशील. बघ आता, मेला कशाने?”

तिने सर्व्हरच्या शेवटच्या पावलांचा माग मागितला. कुठल्या फंक्शनमधून कुठल्या फंक्शनमध्ये जाताना त्याने मान टाकली, हे प्लगइन ओळीने सांगतं. सगळ्यांत वर, म्हणजे शेवटचा श्वास घेतला तिथे, नाव होतं ‘खुणेपासून अंतर’. ओळ अठ्ठ्याऐंशी.

धाकटीला ती ओळ उघडून पाहायची गरज नव्हती. ती तिनेच लिहिली होती. पत्त्याजवळची खूण घ्यायची, देऊळ, बँक, टाकी, जे असेल ते, आणि सगळ्यांत जवळची गाडी शोधायची. खूण नसेल तर काय, हे तिने लिहिलंच नव्हतं. त्या बाईंनी घाबरून खूण सांगितली नाही, वहिनीने रकाना मोकळा ठेवून नोंद पुढे केली आणि अठ्ठ्याऐंशीव्या ओळीने नसलेली खूण शोधता शोधता सगळा सर्व्हर पाडला.

आणि तसं लिहिण्याचं कारणही तिला लख्ख आठवलं. दीड वर्षापूर्वी जेवताना वहिनी म्हणाली होती, “जवळची खूण न सांगता पत्ता सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय.” धाकटीला ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी तिने तेच प्रोग्रॅममध्ये उतरवलं होतं.

“नोंदीचं तेवढं पान छापलं तरी वहिनीचं काम होतं,” काका पडद्याकडे न बघता म्हणाले. “मागाचं पान कुणी मागितलेलं नाही.”

धाकटीने दोन्ही पानं छापली.

चौकशी अधिकारी बाईंना सगळे भिंगवाल्या बाई म्हणत. त्या प्रत्येक कागद खरोखरच भिंगाखाली धरत. दोन वाजून पाच मिनिटांनी त्यांनी नोंदीचं पान भिंगाखाली धरलं, मग नजर वर केली.

“तुम्ही यांच्या कोण?”

“नणंद.”

“नणंदेने भावजयीसाठी छापलेला कागद. मी तो कसा मानू?”

“मानू नका. मशीन इथे आणलंय. मी हात लावत नाही, मी सांगते ते तुम्ही टाइप करा.”

वहिनीने डोळे मोठे केले. बाईंनी भिंग खाली ठेवलं, चष्मा सारखा केला आणि दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत टाइप करायला सुरुवात केली. चौदा नोंदींतली अकरावी त्यांनी स्वतः उघडली. पत्ता पडद्यावर आला तेव्हा त्या खुर्चीच्या टोकावर सरकल्या.

“हे मेल्यानंतरही राहतं?”

“जपून ठेवलं तर राहतं.”

“आणखी काय सांगतो हा?”

धाकटीने मागाचं पान नोंदीच्या पानाशेजारी ठेवलं. “एक आज्ञा राहिलीय. टाइप करा.”

माग उतरला. बाईंनी वरची ओळ बोट ठेवून वाचली. “ही अठ्ठ्याऐंशीवी ओळ कोणाची?”

“माझी.”

वहिनी नणंदेकडे बघत राहिली, आणि या खेपेला टायफॉइड नेमका कोणाला झालाय ते कळेना.

बाईंनी कागदावर चार ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. तीन नंबरच्या टेबलावरचा ठपका रद्द. यंत्रणेतील दोषाची वेगळी चौकशी. संबंधितांनी दोष स्वतः दाखवला, ही बाब नोंदवावी. मग त्यांनी विचारलं, “या फोल्डरमध्ये फाइली पाच दिसतायत. उरलेल्या चार?”

“आज सगळ्या उघडते. त्या चार वेळी कोणाकोणाला बोलणी बसली, तेही शोधावं लागेल.”

“संध्याकाळपर्यंत,” बाई म्हणाल्या आणि भिंग पिशवीत टाकलं.

जिन्यात वहिनीने तिला गाठलं. “वेडी आहेस का तू? नोंदीचं पान पुरे होतं.”

“तुझ्या जेवणाच्या ताटावरच्या शहाणपणावर प्रोग्रॅम लिहिला, तेव्हाच वेडी झाले. खूण न सांगणारा माणूस जन्माला यायचाय म्हणे.”

“म्हणजे चूक माझी?”

“निम्मी.”

“निम्मी घेते. पण घरी तुझ्या भावाला सांगताना पूर्ण तुझी.”

पावणेचारला अठ्ठ्याऐंशीवी ओळ बदलून झाली. वहिनी तीन नंबरवर बसली होती, मागे बाकीच्या टेबलांवरचे तिघे मान वर करून उभे होते. तिने चाचणीची नोंद भरली : नाव, पत्ता, तक्रार. खुणेचा रकाना मोकळा. बोट एंटरवर ठेवून ती थांबली.

“दाब,” धाकटी म्हणाली.

वहिनीने दाबलं. फॉर्म कोरा झाला. पडदा मिचकावला नाही. बाजूच्या यादीत सगळ्यांत वर एक ओळ उमटली : टेबल तीन, तीन वाजून सत्तेचाळीस.

वहिनीने लगेच दुसरी भरली, पुन्हा खुणेशिवाय. मग तिसरी. सातव्या नोंदीला खरा फोन वाजला आणि तिने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

वर सर्व्हरच्या खोलीत अडगळकाकांनी पाटीवरचा चारशे बाराचा आकडा पुसला होता. तिथे आता मोठं शून्य होतं. धाकटी आली तसं त्यांनी दुसरी फाइल उघडून खुर्ची तिच्याकडे सरकवली.

“गुरुवारची,” ते म्हणाले. “आवृत्ती जोडून ठेवलीय. बस लवकर.”