पूजलेला पंप

खंडेनवमीला पंपाला हळदकुंकू वाहिलं की दसऱ्यापर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून पूजा उरकल्यावर पंप सांभाळणारा ज्ञानबा निवांतपणे, पंपाचं पाणी जिथं पडतं त्या डोंगरावरच्या टाकीत गाळ काढायला उतरला. आता जेऊरजवळचा हा पंप सोलापूरच्या ऑफिसातला कॉम्प्युटर ठरल्या वेळी आपोआप सुरू करतो, आणि कॉम्प्युटरला कसली आलीय खंडेनवमी!

त्या ऑफिसात बसायची ती ज्ञानबाचीच लेक, रेश्मा. आईनं, केराबाईनं, सणाचा म्हणून पंपघरातून फोन केला आणि बोलता बोलता आबा टाकीत असल्याचं सांगितलं. दुपारचं पाणी सुटायची वेळ होत आली होती. त्या पाण्याचा मारा असा, की उभा माणूस आडवा होतो. आणि आबाला पोहता कुठं येत होतं! टाकीत फोनही लागत नाही.

तिनं दुपारचं पाणी रद्द करायचं बटण दाबलं. पंपघराकडून उत्तर आलं नाही. घाबरून पुन्हा दाबलं, आणि मग तिच्या लक्षात आलं. बटण एकच. पहिल्यांदा दाबलं की रद्द, दुसऱ्यांदा दाबलं की परत लागू. आता तिकडं एक हुकूम पोचला, दोन पोचले की एकही नाही, कुणाला ठाऊक?

इंटरनेटमधून पंपघरापर्यंत काढलेला खासगी बोगदा स्क्रीनवर हिरवागार दिसत होता. मग उत्तरंच कुठं मरत होती? तिनं आईला विचारलं, पूजेला काय काय हलवलं? आई म्हणाली, नेटचा डबा पाटावर मांडला, तारा काढून पुसल्या आणि होत्या तशा लावल्या.

होत्या तशा कसल्या! डब्याला बाहेर जायच्या दोन वाटा, निळी तार आणि सिमकार्ड. तार भलत्याच भोकात बसली असणार, रेश्मानं ताडलं. बोगदा सिमवरून उभा राहिला होता, पण डब्याला वाटत होतं तार जिवंत आहे, आणि तो सगळी उत्तरं त्या मेल्या तारेत ढकलत होता.

पंपाच्या स्विचच्या पेटीला कुलूप, किल्ली आबाच्या करगोट्याला. डोंगर चढून जायला आईला वेळ पुरणार नव्हता.

"आई, निळी तार उपसून टाक."

"समदंच बंद पडलं तर गं?"

तीच भीती रेश्मालाही होती. बोगदा तुटला आणि परत जुळलाच नाही, तर हातात काहीच उरणार नव्हतं. "उपस," ती म्हणाली.

स्क्रीनवरचा बोगद्याचा हिरवा दिवा विझला. दिवा पुन्हा लागला आणि पाठोपाठ उत्तर आलं: दुपारचं पाणी लागू. दोन्ही हुकूम पोचले होते. तिनं एकदाच बटण दाबलं. रद्द.

वेळ झाली, टळली. पंप गप्पच राहिला. तरी तिची नजर स्क्रीनवरून हलेना.

बऱ्याच वेळानं आबाचा फोन आला. टाकी लख्ख झाली म्हणाला, मग हसला.

"तुझी आई उगंच घाबरली बग. आज पंप कोन चालू करतंय? नवमी हाय की."